विमान एकट्यानं बांधू नये

होटगी रोडच्या विमानतळावरून ९ जून २०२५ ला गोव्याकडे प्रवासी विमान उडालं आणि सोलापुरात विमान हा पुन्हा घराघरातल्या बोलण्याचा विषय झाला. तिकीट किती, वेळ किती वाचतो, मुंबईचं काय, ही त्यातली नेहमीची बोलणी. पण विमानाशी माणसाचं आणखी एक नातं असतं. ते स्वतःच्या हातानं बांधायचं आणि स्वतःच उडवायचं. जगात हजारो लोक हा छंद करतात. महाराष्ट्रातही एकानं तो इमारतीच्या गच्चीवर तडीस नेला. सोलापुरासारख्या गावात हा छंद रुजावा का, आणि रुजायचा तर कशाच्या आधारावर, यावर इथे दोघं वाद घालत आहेत. मामा म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात हयात गेलेला फिटर. भाची म्हणजे विमानांच्या देखभालीचा परवाना असलेली इंजिनिअर. दोघं कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातली माणसं, घटना आणि आकडे मात्र खरे आहेत.

भाची: मामा, आई म्हणत होती, तुम्ही विमान बांधायला काढताय. खरंच का?

मामा: खरंच. दोन माणसं बसतील एवढंच. कारखान्यामागची शेड रिकामी पडलीय. हत्यारं आहेत, हात अजून चालतात. तुझ्या आईला वाटतं, माझं डोकं फिरलं.

भाची: डोकं फिरलं असं मी म्हणणार नाही. पण कशासाठी, ते मला कळू द्या. उडायचीच हौस असेल तर बारामतीला फ्लाइंग स्कूल आहे. तिथं शिका, तिथलीच विमानं उडवा. ती कारखान्यात बनलेली, तपासलेली असतात. घरी बांधण्यात तुम्हाला काय मिळणार?

मामा: उभा जन्म दुसऱ्यानं केलेली यंत्रं दुरुस्त केली गं. माग अडला की मला हाक. गिअर झिजला, बदल. बीम सरकला, बसव. ती यंत्रं कुणी आखली, तो भाग तसाच का घडवला, हे विचारायची सोय कधीच नव्हती. एक तरी यंत्र पहिल्या बोल्टपासून माझ्या समजुतीतून उभं राहावं असं वाटतं. आणि असं यंत्र, की जिथं समजूत कच्ची राहिली तर ते चालणारच नाही. आणि मी काही जगावेगळं मागत नाही. अमेरिकेत तर यासाठी कायदाच आहे म्हणतात.

भाची: आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असेल, तर त्याची नोंद ‘प्रायोगिक’ वर्गात होते. लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. किट विकत घ्या, नाहीतर नुसता आराखडा घेऊन सगळं कापा, जोडा. निम्म्याहून जास्त काम तुमचं हवं. ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या एका कंपनीच्या किटवरून बांधलेली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. पण त्या कायद्याची दुसरी बाजूही ऐका. विमानात प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते. हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत ते बसत नाही, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. पहिले २५ किंवा ४० तास ठरलेल्या हद्दीतच उडवायचं असतं, तेही प्रवासी न घेता. मोकळीक दिलीय, पण धोका कुणी झाकून ठेवलेला नाही.

मामा: मग पाटी लावू की. धोका मी पत्करतोय, दुसऱ्याच्या डोक्यावर टाकत नाही.

भाची: खाली होटगी रोडवर माणसं राहतात, मामा. आभाळ एकट्याचं नसतं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची जवळजवळ नव्वद मीटर उंचीची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून गावानं किती वर्षं भांडण काढलं? शेवटी १५ जून २०२३ ला ती पाडली. चिमणी राहावी म्हणणाऱ्यांचंही काही चुकत नव्हतं. त्यांचं पोट त्या कारखान्यावर होतं. एकाचं उडणं दुसऱ्याच्या जगण्याला कुठं ना कुठं लागतंच. आणि आकडे बघा. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या खासगी व हौशी विमानांत ही साधारण दहा टक्के. पण २०११ च्या एकूण अपघातांत त्यांचा वाटा पंधरा टक्के, आणि माणसं दगावली अशा अपघातांत एकवीस टक्के. कारणांत वरचढ दोन: इंजिन बंद पडणं आणि विमान ताब्यातून सुटणं.

मामा: आकडा मान्य. पण कामच वाईट होतं म्हणून हे झालं, की माणसं घाईत होती म्हणून? मला शिकवायचं तर कामापासून शिकव. पंख कापडाचे असतात असं मी वाचलं. कापड मला कळतं.

भाची: काही विमानांचे असतात. लाकडाचा किंवा नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड. जुन्या काळी त्याला ग्रेड ए सुती कापड लागायचं. एक इंच रुंदीची पट्टी कापून ओढली तर ताण्याच्या बाजूनंही आणि बाण्याच्या बाजूनंही किमान ८० पौंडांचा ओढा तिनं सोसला पाहिजे. वापरात कापड कमजोर होत होत ५६ पौंडांवर आलं की बाद.

मामा: दोन्ही बाजूंनी ८० पौंड? म्हणजे सूत एकसारखं पिळाचं, फणी बरोबर आणि बाण्याचा ठोक एका मापाचा. एका बाजूला ढिलाई असली तर चादर खपून जाते. पंख खपणार नाही. हे आपल्या गावाचं काम आहे!

भाची: आता सुताऐवजी पॉलिस्टर वापरतात. ते चिकटवून वर इस्त्री फिरवतात, उष्णतेनं ते आकसतं आणि ढोलासारखं ताणलं जातं. पण इस्त्रीचं तापमान आधी मापून घ्यावं लागतं. ३५० अंश फॅरनहाइटच्या वर गेलात तर कापडाचा ताणच मोडतो. मग कापड आतल्या पट्ट्यांना मेणाच्या दोऱ्यानं शिवायचं. प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ, म्हणजे एक तुटला तरी पुढचे उसवत नाहीत. पंख्याच्या झोतात येणाऱ्या भागात टाके जवळजवळ.

मामा: हे मला दे. अशा गाठी आमच्या बायकाही माझ्यापेक्षा सरस मारतील.

भाची: म्हणूनच मला भीती वाटते. तुमचे हात चांगले आहेत. चांगल्या हाताच्या माणसाला आपल्याला सगळंच जमेल असं वाटतं. कापड जमेल, रिवेट जमतील. इंजिनाचं काय? गावात गॅरेजवाले मारुतीचं जुनं इंजिन लावून देतो म्हणतील.

मामा: मारुतीचं इंजिन लाख किलोमीटर पळतं.

भाची: पळतं, पण कसं? रस्त्यावर गाडीचं इंजिन आपल्या ताकदीच्या थोड्याशाच हिश्शावर चालत असतं. विमानाचं इंजिन उड्डाणाला पूर्ण ताकदीवर, आणि पुढे तासन्तास पाऊण ताकदीवर. बिघडलं तर बाजूला लावायची सोय नाही. म्हणून ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स ९१२ सारख्या छोट्या इंजिनातही ठिणगीची व्यवस्था दुहेरी असते; एक गेली तर दुसरी चालते. फिरतं ते मिनिटाला ५८०० फेऱ्यांपर्यंत, पण पंख्याला तेवढा वेग चालत नाही, म्हणून मध्ये गिअर घालून फेऱ्या जवळजवळ अडीचपट उतरवलेल्या. आणि आपल्या सोलापूरकरांनी खास लक्षात ठेवावं असं एक. हे इंजिन पेट्रोलवर चालतं, पण त्या पेट्रोलात इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच चालतं. आपल्या पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं.

मामा: म्हणजे आपल्याच उसाचं?

भाची: आपल्याच उसाचं. शेतकऱ्याला ते फायद्याचं असेल, पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, काही जातीच्या रबरी नळ्या आणि फायबरच्या टाक्या खराब करतं. तेव्हा विमानाचंच इंधन आणावं लागणार. हे कुणी सांगितलं नाही तर माणूस कोपऱ्यावरच्या पंपावरून कॅन भरून आणतो, आणि पहिल्या उड्डाणाला झाडाच्या उंचीवर इंजिन खोकतं.

मामा: हे मला ठाऊक नव्हतं.

भाची: फुलसावंगीचं ऐकलंत ना? यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. ऑगस्ट २०२१. वेल्डिंगची कामं करणारा एक तरुण, शाळा मध्येच सुटलेली. व्हिडिओ बघून बघून त्यानं एका आसनाचं हेलिकॉप्टर बांधलं. जमिनीवरच चाचणी घेत होता. शेपटीच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि मोठं पातं आत बसलेल्या त्याच्या डोक्याला लागलं. तो गेला. जमिनीवरून उठलाही नव्हता.

मामा: त्या पोराबद्दल मी बराच विचार केलाय. पेपरात कुणी त्याला वेडा म्हटलं, कुणी हुतात्मा. मला एकच वाटलं. तो वेल्डर होता. जोड कसा धरायचा, हे त्याला येत होतं. पण पातं फिरताना त्याच्या मुळाशी किती ओढ येते, धातू किती फेऱ्यांनंतर थकतो, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. विचारायला जायचं कुठं? फुलसावंगीत नाही, यवतमाळात नाही. आपल्या सोलापुरात तरी आहे का? त्याला अडवायला कुणी नव्हतं, हे खरं. पण त्याला शिकवायलाही कुणी नव्हतं, हे जास्त खरं.

भाची: हे तुम्ही बरोबर बोललात. पण यातून तुमचा निष्कर्ष काय? बांधू द्यावं?

मामा: बांधू द्यावं, पण एकट्याला सोडू नये.

भाची: मग तुमचं-माझं भांडण निम्मं मिटलं. उरलेलं निम्मं सांगते. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये नावाचा माणूस होऊन गेला. सामान्य माणसाला घरी बांधता यावं असं विमान त्यानं १९३३ मध्ये उडवलं. एक पंख पुढे, एक मागे, चालवायला सोपं. १९३४ मध्ये पुस्तक लिहून आराखडा सगळ्यांना खुला केला. फ्रान्स-इंग्लंडात लोकांनी घरोघरी बांधायला घेतलं. मग एकेक विमान नाक खाली करून सुटायचं आणि वर उठायचंच नाही. माणसं मेली. १९३६ मध्ये दोन्ही देशांत पूर्ण आकाराचं विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं, तेव्हा कळलं की सूर मारताना पुढच्या पंखाखालून येणारा झोत मागच्या पंखाला असं काही धरतो की नाक वर घेताच येत नाही. या विमानांवर बंदी आली. आता बघा, बांधणाऱ्यांनी आराखड्याप्रमाणे नीटच बांधलं होतं. दोष आराखड्यात होता. चांगला हात आराखड्यातला दोष भरून काढत नाही.

मामा: आणि आराखडा चांगला असेल तर?

भाची: तर हातानं केलेला बदल मारतो. बर्ट रुटान या अमेरिकन माणसाचं लाँग-ईझी नावाचं विमान, घरी बांधणाऱ्यांत फार नावाजलेलं. आपल्या बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेनंही त्याच धर्तीवर एक विमान बांधून उडवलं होतं. तर गायक जॉन डेन्व्हरनं असं घरी बांधलेलं एक लाँग-ईझी विकत घेतलं. मूळ आराखड्यात टाकी बदलायची चावी वैमानिकाच्या दोन पायांमध्ये. ज्यानं ते बांधलं त्यानं ती डाव्या खांद्यामागे नेली. १२ ऑक्टोबर १९९७ ला एक टाकी संपत आली, डेन्व्हर चावी फिरवायला मागे वळला आणि वळताना विमान ताब्यातून गेलं. समुद्रात पडलं. एवढीशी चावी, मामा. ती जागा ठरवताना कुणी सोबत असतं आणि म्हणालं असतं, ‘बस, पट्टा बांध आणि हात पोचतो का बघ,’ तर?

मामा: म्हणजे तुझं म्हणणं, दुसरे डोळे हवेत.

भाची: माझ्या नोकरीचं सगळं सार तेवढंच आहे. मी विमानाचा नट आवळते, सेफ्टी वायर घालते. मग दुसरा इंजिनिअर येतो आणि माझं काम माझ्या देखत तपासतो. नियंत्रणाच्या तारा, सुकाणू, इंजिनाचे जोड, या कामांवर दोन सह्या लागतात. माझ्यावर अविश्वास म्हणून नाही. माणसाला स्वतःची चूक दिसत नाही म्हणून. ज्या देशांत हा छंद नीट चालतो तिथे हेच केलंय. पॉल पोबेरेझ्नीनं १९५३ मध्ये मिल्वॉकीजवळ हौशी बांधणाऱ्यांची संघटना काढली, ईएए. सुरुवातीला मूठभर माणसं. आज ओशकोशला दर उन्हाळ्यात तिचा मेळा भरतो तेव्हा हजारो विमानं उतरतात. पण मला मेळ्यापेक्षा एक साधी गोष्ट मोठी वाटते. तिथं अनुभवी बांधणारे स्वयंसेवक म्हणून नवख्याच्या शेडमध्ये जातात, काम बघतात, पैसे घेत नाहीत. ब्रिटनमध्ये तशीच लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन. तिचे तपासनीस टप्प्याटप्प्यावर सही करतात. पंखावर कापड चढवण्याआधी आतलं काम दाखवायचं, हा रिवाज. झाकलं की संपलं.

मामा: झाकण्याआधी दाखव. हे वाक्य मी शेडच्या दारावर लिहीन.

भाची: लिहा. तिथलंच एक उदाहरण ऐका. केरळचे अशोक तामराक्षन ब्रिटनमध्ये राहतात. लॉकडाऊनमध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या स्लिंग कंपनीचं चार आसनी किट मागवलं, घराच्या आवारात बांधलं आणि २०२२ मध्ये घरच्यांना घेऊन युरोपभर फिरले. खर्च सुमारे एक लाख चाळीस हजार पौंड. वर्तमानपत्रांनी ते ‘एकट्याची जिद्द’ म्हणून छापलं. त्या जिद्दीला मी कमी लेखत नाही. पण तिच्या मागे तपासनिसांची ती व्यवस्था उभी होती, हे कुणी मथळ्यात घेतलं नाही.

मामा: मग आपल्या अमोल यादवांचं काय? त्यांच्यामागे कुठली व्यवस्था होती? मूळचे सातारा जिल्ह्यातले. विमान चालवायची नोकरी करत होते, म्हणजे उडणं त्यांना ठाऊक होतं. आधीचे प्रयत्न फसले तरी सोडलं नाही. कांदिवलीत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’चं प्रदर्शन होतं, तेव्हा गच्चीवरून क्रेननं ते खाली उतरवलं. लोक बघत राहिले. एकट्या माणसानं, मराठी माणसानं केलं ते.

भाची: मला अमोल यादवांचा आदर आहे, आणि मी तो तुमच्यापेक्षा वेगळ्या कारणानं करते. प्रदर्शनातून नाव झाल्यावर ते थांबले नाहीत. नोंदणीच्या मागे लागले. मध्ये नियम बदलले, फायली फिरल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीए या केंद्राच्या हवाई वाहतूक नियामकाकडून व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला. उडवायची परवानगी मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडलं. मग २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते हवेत गेलं. गच्चीपेक्षा हा प्रवास मला अवघड वाटतो. आणि यातच आपली उणीव दिसते. बांधायला लागली तेवढीच चिकाटी त्यांना कागदावर खर्चावी लागली. ब्रिटनमध्ये जो आपल्या शेडमध्ये बांधतो त्याला पहिल्या महिन्यापासून तपासनीस भेटतो. इथे विमान आधी, विचारणा नंतर.

मामा: सरकारनंही मग पाठीवर हात ठेवला की. २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यात विमानाचा कारखाना काढायचा पस्तीस हजार कोटींचा सामंजस्य करार झाला होता.

भाची: हो. एका गच्चीवरच्या विमानावरून थेट पस्तीस हजार कोटींचा कागद. मधली पायरी कुठं आहे? ना जिल्ह्यात एक सामायिक शेड, ना दहा तपासनीस, ना सकाळी दोन तास मोकळी मिळणारी धावपट्टी. आपल्याला एकतर एकटा वीर दिसतो, नाहीतर भला मोठा कारखाना. मधली माणसं दिसत नाहीत. असंच आपण तळपद्यांच्या बाबतीतही करतो. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, असं अभिमानानं सांगतो. पण त्या उड्डाणाची त्या वेळची भरवशाची नोंद कुणी पुढे ठेवलेली नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा आधार सांगतात, त्यातल्या विमानांचा बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये हिशोब मांडला. ती उडण्यासारखी नाहीत असंच निघालं. तळपद्यांची उमेद खोटी नव्हती, असं मी मानते. पण उमेदीची नोंदवही नसेल तर पुढच्या माणसाला तिच्यातून शिकता येत नाही. तो पुन्हा शून्यावरून सुरू करतो, आणि तीच चूक पुन्हा करतो.

मामा: बरं, आता एक रोकडा सवाल. तू इतका वेळ सुरक्षेचं बोललीस. तुझ्या मनात पैशाचंही आहे. या गावात बायका विड्या वळून घर चालवतात. यंत्रमाग भंगारात निघाले. उन्हाळ्यात नळाला पाणी रोज येत नाही. अशा गावात विमानाचा छंद शोभतो का? हे तू विचारत नाहीस, पण तुझ्या आईनं विचारलं.

भाची: माझ्याही मनात आहे. तुम्हीच उत्तर द्या.

मामा: माझं उत्तर असं. एकट्यानं केलं तर नाही शोभत. मग तो श्रीमंताचा खेळ. पण या जिल्ह्यात साखर कारखाने सहकारात उभे राहिले, विणकरांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. आठ-दहा जणांनी मिळून एक विमान का बांधू नये? पैसा वाटून, काम वाटून. कुणी कापड, कुणी वायरिंग, कुणी नोंदवही. गावात इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. पोरं दरवर्षी प्रोजेक्टची फाइल कुणाकडून तरी लिहून घेतात. त्यांना शेडमध्ये बोलाव. एक रिवेट वाकडा बसला तर तो काढून पुन्हा मारायचा, हे एकदा शिकलेलं पोरगं कुठल्याही कारखान्यात गेलं तरी उपयोगी पडेल. बंद पडलेल्या गिरण्यांनी या गावातला पगार नेला. पण हाताचं शहाणपण अजून शिल्लक आहे. ते माझ्याबरोबर जाऊ नये, एवढंच मागतोय.

भाची: यावर मला उत्तर नाही. पटलं. आठ-दहा जण असले की आपोआप दुसरे डोळेही मिळतात. तरी एक ध्यानात घ्या; सगळेच डोळे मित्रांचे असतील तर ते गप्प बसतात. एक तरी बाहेरचा हवा, ज्याला तुमची भीड नाही.

मामा: ती तू.

भाची: मी घरचीच आहे. पण मला काम बघायला आवडेल, आणि मी भीड धरणार नाही. आता उडायचं कुठं, ते सांगा. होटगी रोडवर आता प्रवासी विमानं. सुरक्षा, वेळापत्रक. तिथं तुम्ही हँगरच्या कोपऱ्यात उभे राहाल आणि परवानगीची वाट बघाल.

मामा: पावसासाठी ढगांत मीठ टाकायला विमानं यायची ती नाही का याच धावपट्टीवरून उडायची? २०१८-१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या हवामान संस्थेनं ती आणली होती.

भाची: आणली होती, कारण आपला जिल्हा पर्जन्यछायेतला आणि त्यांना नेमके तसलेच ढग हवे होते. त्यांच्यामागे केंद्र सरकारची संस्था होती. तुम्हाला वेगळी जागा बघावी लागेल. आणि जागा मिळाली तरी सोलापूरचं ऊन आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटरवर. मे महिन्यात दुपारी पारा त्रेचाळीसला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण दीड हजार मीटरच्या वर असल्यासारखं वाटतं. म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. शंभर अश्वशक्तीचं साधं इंजिन मग पंचाऐंशीच्या आसपास देतं, पंख्याला हवा कमी, पंखाला हवा कमी, आणि धावपट्टी तेवढीच. दोन माणसं, भरलेली टाकी, भर दुपार, हा बेत बांधतानाच कागदावरून खोडून टाकायचा. उजाडल्यावर उडायचं आणि ऊन चढण्याआधी उतरायचं.

मामा: यंत्रमागवाल्याला पहाटेची सवय असते. ते जमेल. पण तू इतक्या अडचणी मांडल्यास की मला वाटायला लागलं, उडवायचंच कशाला? नुसतं बांधू. कारागिरी दाखवू. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर ठेवू. लाखो लोक बघतील, पोरं हात लावतील. परवानगी नको, धोका नको. मी तेवढ्यावरही समाधानी आहे. यावर तू तरी खूश होशील.

भाची: नाही, मामा. याला माझा सगळ्यात जास्त विरोध आहे.

मामा: अगं, आतापर्यंत तूच तर...

भाची: आतापर्यंत मी एकट्यानं उडवण्याला विरोध केला. न उडवण्यासाठी बांधण्याला मी कधी हो म्हटलं? जे विमान उडणार नाही, त्यात आत काय आहे हे कोण बघणार? नट आवळला नाही तरी चालतं. चुकीच्या जातीचा पत्रा लावला, तरी रंगाखाली दिसत नाही. हळूहळू प्रत्येक जोडावर माणूस म्हणतो, जाऊ दे, कोण चढणार आहे त्यात. मग उरते ती विमानाच्या आकाराची वस्तू. आणि पुढे एखादा हौशी पोरगा ती बघून म्हणेल, मामांनी असंच बांधलं होतं, आणि खरोखर बसेल. त्या पोराची जबाबदारी कुणाची?

मामा: ... बरोबर. मागावरच्या कामातही तेच. दाखवायचा तुकडा विणणारा हात वेगळा पडतो, आणि घरात रोज अंथरायची चादर विणणारा वेगळा.

भाची: म्हणून उडवायचं ठरवूनच बांधा. आराखडा नवा शोधू नका. जो शेकडो लोकांनी बांधून उडवलाय, ज्याचे दोष सापडून दुरुस्त झालेत, तोच घ्या. एकही चावी जागची हलवू नका. पहिला रिवेट मारायच्या आधी डीजीसीएला कळवायचं, आणि त्यांनी जे मागितलं ते त्याच दिवसापासून वहीत. सुरुवात शेपटीपासून करा. ती लहान असते, बिघडली तर फेकून दुसरी करता येते. शेपटी पुरी झाली की कापड न चढवता थांबायचं. मी येईन, आणि माझ्या ओळखीचा, पण तुमच्या ओळखीचा नसलेला एक इंजिनिअर घेऊन येईन. आम्ही दोघांनी नको म्हटलं तर ती शेपटी तुमच्यासमोर कापायची.

मामा: कापायची. आणि हो म्हटलंत तर?

भाची: तर पंखाला लागायचं. आणि दरम्यान तुम्ही बारामतीला जाऊन उडायला शिकायचं. बांधणं संपेल त्या दिवशी उडणंही येत असलं पाहिजे. नाहीतर माणूस स्वतःच्या विमानातच पहिल्यांदा शिकायला बसतो. पहिलं उड्डाण तुमचं नसेल. ते त्या जातीचं विमान आधी उडवलेला वैमानिक करेल.

मामा: इतकी वर्षं बांधून पहिला मान दुसऱ्याला?

भाची: हो. तो पहिला मान सोडायची तयारी असेल तर मी म्हणेन, सोलापुरात हा छंद रुजू शकतो. आणि नसेल तर शेड भाड्यानं द्या.

मामा: शेड भाड्यानं द्यायची नाही. वहीवर पहिलं नाव कुणाचं लिहू?

भाची: बांधणाऱ्या आठांची नावं लिहा, आणि शेजारी एक रकाना रिकामा ठेवा. तपासणाऱ्याचा. तो भरल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही.